माळेगावच्या बाजारातून घोडा घ्यायचाय? खोगीर चढवण्याआधी या गोष्टी माहीत हव्यात

मार्च २०२१ मध्ये नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला एक अर्ज राज्यभर व्हायरल झाला होता. पाठीच्या दुखण्यामुळे दुचाकी चालवता येत नाही, म्हणून घोड्यावरून कार्यालयात यायचं आहे, तर घोडा बांधायला आवारात जागा द्यावी, अशी मागणी एका कर्मचाऱ्याने केली होती. प्रशासनाने वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागाचं मत मागवलं. घोड्यावर बसल्याने पाठीचा त्रास कमी होण्याऐवजी वाढू शकतो, असा अभिप्राय आला.

मीम्स झाले, चार दिवस हसून झालं. पण त्या अर्जामागचा समज आजही अनेकांच्या मनात आहे. घोड्यावर बसलं की तो नेतो, आपण फक्त बसून राहायचं. प्रत्यक्षात घोडेस्वारीत स्वाराच्या कंबरेला आणि मांड्यांना भरपूर काम असतं. आणि घोड्यावरून उतरल्यानंतर त्याच्या मालकाचं काम सुरू होतं.

नांदेड-लातूर पट्ट्यात हौसेने घोडा घेणाऱ्या तरुणांसाठी हा विषय नुसत्या हौसेचा नाही. चुकीच्या चाऱ्याने घोडा एका रात्रीत दगावू शकतो आणि हेल्मेटशिवाय पडलेल्या स्वाराला दुसरी संधी मिळेलच असं नाही. म्हणून घोडा निवडण्यापासून ते त्यावर नीट बसण्यापर्यंतच्या मूलभूत गोष्टी सोप्या भाषेत समजून घेऊ.

नांदेड-लातूरचं घोड्याशी नातं काय?

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगाव आहे. इथली खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत भरते. खंडोबाचं वाहनच घोडा, त्यामुळे यात्रेत घोड्यांचा बाजार आलाच. घोड्यांसोबत इथे गाढवं, उंट आणि कुत्र्यांचीही खरेदी-विक्री होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा प्रसिद्ध घोडेबाजार दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेला भरतो. त्यानंतर पंधरवड्यात माळेगाव येतं.

नांदेड शहरात घोड्याचं दुसरं रूप दिसतं. तख्त सचखंड श्री हजूर साहिब इथून होला मोहल्ला आणि दसऱ्याला निघणाऱ्या हल्लाबोल मिरवणुकीत सजवलेले घोडे आणि निहंग स्वार असतात. गुरू गोविंदसिंगांच्या घोड्यांची आठवण म्हणून भाविक या घोड्यांना मान देतात.

लातूर जिल्ह्यातल्या उदगीरचा इतिहासही घोडदळाशी जोडलेला आहे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला तो उदगीरच्या लढाईत. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा वापरणारा तो बारगीर. त्या काळी दख्खनेत नावाजलेल्या काटक भीमथडी घोड्याला आता देशी जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली आहे.

घोडा घेताना काय पाहायचं?

बाजारात सगळ्यांचं लक्ष आधी रंगाकडे आणि खुणांकडे जातं. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी, गळ्याजवळ देवमण असलेला, पांढराशुभ्र नुकरा. भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरतं आणि त्यावर किंमत चढते-उतरते. ही श्रद्धेची बाब आहे, पण भोवऱ्यावरून घोड्याचे पाय धड आहेत की नाही, हे कळत नाही.

त्याऐवजी या गोष्टी पाहा:

• वय: बैलासारखंच घोड्याचंही वय दातांवरून सांगता येतं. समोरच्या दुधाच्या दातांची पहिली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडते, दुसरी साडेतीनला, तिसरी साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण जुळतं. दुधाचे दात असलेलं शिंगरू दिसायला कितीही उंच असलं, तरी स्वारीला तयार नसतं.

• चाल: घोड्याला कडक जमिनीवर, सैल दोरीने, सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवायला सांगा. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो. डोकं प्रत्येक पावलाला वर-खाली होत असेल, तर पायात दोष आहे.

• खूर: चारही खूर उचलून पाहा. भेगा, कुजका वास, एका बाजूने झिजलेली नाल दिसली, तर सावध व्हा. घोडा पाय उचलू देतो का, हेही यातून कळतं.

• डोळे, नाक आणि श्वास: डोळा स्वच्छ हवा. नाकातून घट्ट, चिकट स्राव येत असेल, तर घोड्याला हात न लावता पुढे निघा. कारण पुढे येईलच.

• स्वभाव: विक्रेत्याला आधी स्वतः बसून दाखवायला सांगा. मग घोडा गर्दीत, ट्रॅक्टरजवळ, ढोलाच्या आवाजात कसा वागतो ते पाहा.

नव्या स्वारासाठी सात ते बारा वर्षांचा, शांत, सवारीची सवय असलेला घोडा किंवा घोडी उत्तम. नव्या माणसाने कोवळा, न शिकवलेला घोडा घेतला, तर दोघंही एकमेकांकडून चुकाच शिकतात.

बाजारात उंची इंचात सांगतात, इंग्रजी पुस्तकांत हातात. एक हात म्हणजे ४ इंच. पंधरा हाती घोडा म्हणजे ६० इंची. ही उंची मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत मोजतात, डोक्यापर्यंत नाही.

ग्लँडर्सची चाचणी का विचारायची?

ग्लँडर्स हा घोडा, गाढव आणि खेचरांना होणारा जिवाणूजन्य आजार आहे. ताप, नाकातून चिकट स्राव, कातडीवर गाठी आणि त्या फुटून होणाऱ्या जखमा ही त्याची लक्षणं. हा आजार माणसालाही होतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

या आजारावर लस नाही. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २००९ अंतर्गत त्याची माहिती पशुसंवर्धन विभागाला देणं बंधनकारक आहे. घोडा बाधित निघाला तर उपचार करत बसत नाहीत, त्याला वेदनारहित मरण द्यावं लागतं. त्यासाठी शासनाकडून भरपाईची तरतूद आहे. रक्ताच्या चाचणीतून निदान होतं आणि हरियाणातल्या हिसार इथलं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही यातली देशातली प्रमुख संस्था आहे.

म्हणून व्यवहार ठरवताना ग्लँडर्सच्या चाचणीचा अहवाल मागा. नवा घोडा घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळा बांधा. त्याची बादली, तोबरा, खराऱ्याचा ब्रश वेगळा ठेवा.

रोज खायला किती लागतं?

घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या साधारण २ टक्के कोरडं खाद्य लागतं. आपल्याकडच्या ३५० किलोच्या घोड्याचा हिशोब केला, तर दिवसाला ७ किलो. वर्षाला अडीच टनांपेक्षा जास्त. यात मोठा वाटा वैरणीचाच हवा. घोडा घेण्याआधी आपल्या गावातल्या कडब्याच्या आणि हरभऱ्याच्या भावाने हा गुणाकार करून पाहा. घोड्याची किंमत एकदाच द्यावी लागते, वैरणीची रोज.

घोड्याचं पोट बैलासारखं नसतं. बैल भराभर खाऊन नंतर निवांत रवंथ करतो. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं असतं आणि त्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं, ते पुढेच जाणार. त्यामुळे नियम एकच: थोडं थोडं, अनेकदा. सकाळ-संध्याकाळ दोनदा ढीग टाकण्यापेक्षा वैरण चार वेळा विभागून द्या. रात्रीसाठीही थोडी ठेवा.

चंदी म्हणजे भिजवलेला हरभरा, जव, ओट यांसारखं धान्य काम करणाऱ्या घोड्याला द्यावं. पण एका वेळी दीड किलोपेक्षा जास्त नको. लग्नाचा सीझन आला म्हणून किंवा घोडा बारीक दिसतो म्हणून अचानक चंदी वाढवली, तर पोटशूळ होतो किंवा खुराच्या आतल्या भागाला सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. खाद्यातला कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. धान्य खाल्ल्यावर निदान तासभर तरी घोडा पळवू नका.

हे मात्र घोड्याला देऊ नका

मराठवाड्यात घोडा बहुतेक गोठ्यातच, गाई-म्हशींच्या शेजारी राहतो. चुका होतात त्या इथेच.

• गाई-म्हशींचं पशुखाद्य: काही पशुखाद्यांत मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात. गाईला ती चालतात, पण घोड्याच्या हृदयासाठी ती थोड्या प्रमाणातही विषारी असतात. युरिया मिसळलेलं खाद्यही नको.

• बुरशी लागलेली वैरण: अवकाळी पावसात भिजलेला कडबा किंवा काळी पडलेली मका बैल कदाचित पचवेल, घोडा नाही. मक्यावरच्या एका बुरशीच्या विषाने घोड्याच्या मेंदूवर परिणाम होऊन तो दगावतो.

• कोवळी ज्वारी: पोटरीत न आलेली किंवा पाण्याअभावी सुकलेली कोवळी ज्वारी जनावरांना विषारी असते, हे आपल्या शेतकऱ्यांना पक्कं माहीत आहे. घोडाही त्याला अपवाद नाही.

• फक्त जाड, कोरडा कडबा: एवढंच खायला घालून पाणी कमी पडलं, तर आतड्यात गोळा अडकतो. कडब्याची कुट्टी करा, धूळ झटका, थोडी ओली करा आणि सोबत हिरवा चारा द्या.

• वरातीतली मिठाई आणि शिळं अन्न: प्रेमाने दिलं तरी त्रास घोड्यालाच होतो.

पाणी आणि मराठवाड्याचा उन्हाळा

साध्या दिवसात घोडा २५ ते ४० लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात काम केलं तर याहून बरंच जास्त. ज्या गावात एप्रिलपासून टँकर येतो, तिथे घोडा घेण्याआधी हा आकडाही हिशोबात धरायला हवा.

घोड्याला माणसासारखाच अंगभर घाम येतो आणि घामाबरोबर क्षारही जातात. म्हणून पागेत मिठाचा खडा कायम ठेवा. घोड्याला पाणी कमी पडतंय का, हे पाहायची सोपी पद्धत आहे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती एक-दोन सेकंदांत पूर्ववत झाली पाहिजे. तशीच उभी राहिली, तर पाणी कमी पडलं आहे.

एप्रिल-मे मध्ये सवारी सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच करा. पत्र्याचं छप्पर असेल, तर त्यावर कडबा किंवा उसाचं पाचट टाका. घोडा तापला असेल, तर सावलीत नेऊन मान, पाठ, पोट, पाय सगळीकडे भरपूर पाणी ओता आणि ओतत राहा. दमून आलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, असं अनेक जण सांगतात. पण तहानलेल्या घोड्याचं पाणी तोडणं धोक्याचं आहे. थोड्या थोड्या वेळाने, जमेल तेवढं पिऊ द्या. नुकऱ्यासारख्या गुलाबी कातडीच्या घोड्याला ऊन भाजतं. नाकाभोवतीची कातडी लाल झाली, तर त्याला सावलीतच ठेवा.

खरारा आणि खूर: रोजची वीस मिनिटं

खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासून स्वच्छ करणं. यामुळे घोडा चकाकतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोज हात फिरवल्याने जखम, गाठ, सूज, गोचीड लगेच हाताला लागते. मानेपासून मागे, केसांच्या दिशेने या. खोगीर आणि तंग बसतो, तिथे माती किंवा काडी राहिली, तर पहिल्याच सवारीत तिथे जखम होते.

घोडेवाल्यांमध्ये सगळीकडे एक गोष्ट ठामपणे मानतात: खूर नाही तर घोडा नाही. सवारीच्या आधी आणि नंतर चारही खूर उचलून तळातली माती, खडे, लीद काढा. अवजार टाचेकडून पुढे चालवा. खुराच्या तळाला मधोमध इंग्रजी व्ही आकाराचा मऊ भाग असतो, त्याला टोचू नका. तिथून काळा, घाण वास येणारा द्रव येत असेल, तर पागेतली जमीन ओली राहते आहे, असं समजा. एक घोडा दिवसाला १५-२० किलो लीद टाकतो. ती रोज उचलली नाही, तर खूर कुजतात आणि माश्या वाढतात.

खूर आपल्या नखांसारखे वाढतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून ते कापून घ्यावे लागतात. नाल झिजली नसेल, तरी ती काढून, खूर कापून पुन्हा ठोकावी लागते. तुमच्या भागात नालबंद किती अंतरावर आहे, हे घोडा घेण्याआधी विचारा.

घोडा आजारी आहे, हे कसं ओळखायचं?

आराम करत असलेल्या निरोगी घोड्याचे हे आकडे मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा:

• शरीराचं तापमान: ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट
• नाडी: मिनिटाला २८ ते ४४ ठोके
• श्वास: मिनिटाला ८ ते १६
• हिरड्या: ओलसर, फिकट गुलाबी. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा

घोडा वारंवार पोटाकडे वळून पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, सारखा बसतो-उठतो, लोळतो, घाम फुटतो, लीद टाकत नाही, ही पोटशूळाची लक्षणं आहेत. पोटशूळ म्हणजे साधं अपचन, असं समजून रात्र काढू नका. आतड्याला पीळ पडला असेल, तर काही तासांत घोडा हातचा जातो.

अशा वेळी वैरण लगेच काढून घ्या, शेवटची लीद केव्हा टाकली ते लक्षात ठेवा, नाडी मोजा आणि पशुवैद्यकाला फोन करा. बाटलीने तेल किंवा काढा घशात ओतू नका. तो फुफ्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. माणसाची वेदनाशामक गोळी तर अजिबात नको. घोडा लोळत असेल, तर त्याला हळू चालवा, पण तासन्‌तास फिरवून दमवू नका.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. धनुर्वात घोड्याला फार सहज होतो. पायात घुसलेला एक खिळाही पुरतो, म्हणून त्याची लस चुकवू नका. स्वाराचंही धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर झालेलं हवं. पावसाळ्यानंतर चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा आजार पसरतो. येऊन-जाऊन ताप, पायांना आणि पोटाखाली सूज, खाऊनही रोडावणं ही त्याची लक्षणं. जंताचं औषध मात्र स्वतःच्या मनाने न देता लीद तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या.

घोड्याजवळ जायचं कसं?

घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, असं म्हणतात. त्यातला घोड्याचा भाग तरी शास्त्रशुद्ध आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. पण शेपटीच्या अगदी मागे आणि कपाळाच्या अगदी समोर त्याला दिसत नाही. निसर्गात घोडा हा शिकार होणारा प्राणी. न दिसणाऱ्या जागेतून काही आलं, की तो आधी लाथ मारतो किंवा पळतो. विचार नंतर.

म्हणून डाव्या खांद्याच्या दिशेने, आवाज देत, सावकाश जा. पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवा. कपाळावर थेट हात नेऊ नका. मागून जायचंच असेल, तर एक तर अगदी चिकटून, हात पाठीवर ठेवून जा किंवा दहा-बारा फूट लांबून.

कान पाहायला शिका. पुढे वळलेले कान म्हणजे लक्ष आहे. सैल कान म्हणजे आराम. मागे सपाट दाबलेले कान म्हणजे राग, तिथून बाजूला व्हा. आणि दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. घोडा उधळला, तर बोटं तुटतात किंवा माणूस फरफटत जातो. दोरीच्या घड्या घालून त्या मुठीत धरा.

आता बसायचं कसं?

आधी साहित्य. खोगीर मान संपते त्या उंचवट्याच्या मागे ठेवा, पाठीच्या कण्यावर थेट दाब यायला नको. तंग आवळल्यावर त्यात दोन बोटं जाईल एवढीच जागा हवी. अनेक घोडे तंग आवळताना पोट फुगवतात. म्हणून पाच मिनिटं चालवून तंग पुन्हा तपासा, नाहीतर बसताना खोगीर पोटाखाली फिरतं. रिकिबीची लांबी हाताने मोजता येते. बोटांची टोकं रिकिबीचा पट्टा सुरू होतो तिथे ठेवा, रिकीब काखेपर्यंत आली पाहिजे.

टाच असलेले बूट घाला. चप्पल किंवा सपाट तळाच्या बुटातून पाय रिकिबीत आरपार जातो आणि पडल्यावर तोच अडकतो.

डाव्या बाजूने चढायची पद्धत तलवारीच्या काळातली आहे. तलवार डाव्या कमरेला लटकायची, त्यामुळे डावीकडून चढणं सोपं जायचं. घोड्यांना याच बाजूची सवय लावलेली असते. जमलं तर ओट्यावरून चढा, त्यामुळे घोड्याच्या पाठीवर एका बाजूचा ताण येत नाही.

बसल्यावर कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत हवी. टाच खाली, नजर घोड्याच्या कानांमधून पुढे. लगाम तोल सांभाळण्यासाठी नसतो. जुने लोक पक्की मांड म्हणतात, ती मांड्या आणि कंबरेतून येते. लगामाला लोंबकळणारा स्वार घोड्याचं तोंड सोलतो आणि घोडा हळूहळू लगामाला दाद देईनासा होतो.

चाली ओळखायला टापांचे ठोके मोजा. साध्या चालीत चार ठोके. दुडकीत दोन, कारण समोरासमोरचे तिरपे पाय एकत्र पडतात. कँटरमध्ये तीन. चौखूर उधळला, की पुन्हा चार, पण अतिशय जलद. पहिले काही आठवडे साध्या चालीतच वळणं, थांबणं, मागे घेणं शिका. मग दुडकी. दुडकीत एका ठोक्याला उठा, दुसऱ्याला बसा, म्हणजे तुमची आणि घोड्याची, दोघांचीही पाठ वाचते. मारवाडी घोड्यांची रवाळ चाल बसायला गुळगुळीत लागते, पण तीही शिकल्याशिवाय येत नाही.

घोडा उधळला तर दोन्ही लगाम जोर लावून ओढू नका. अशाने तो आणखी जोर लावतो. खोगिरात घट्ट बसा, एका बाजूचा लगाम हळूहळू आपल्या मांडीकडे घ्या आणि घोड्याला मोठ्या गोलात वळवत गोल लहान करा. भरवेगात एकदम झटका दिला, तर घोडा पडू शकतो. ही युक्ती आधी साध्या चालीत, शिकवणाऱ्याच्या समोर गिरवून ठेवा.

फेटा की हेल्मेट?

थोडं गणित करू. पंधरा हाती घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण आठ फूट उंचीवर असतं. तिथून नुसतं खाली पडलं, तरी जमिनीवर आदळताना वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर होतो. यात घोड्याचा स्वतःचा वेग धरलेला नाही. भरधाव घोडा ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जातो.

फेटा शोभतो, पण डोकं वाचवत नाही. मोटारसायकलचं हेल्मेट जड असतं आणि बाजूचं दिसू देत नाही. घोडेस्वारीचं, हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट वेगळं मिळतं, तेच घ्या. एकदा जोरात आपटलं, की ते बदला. अठराखालच्या मुलाला एकट्याने, माणूस सोबत नसताना घोड्यावर पाठवू नका. पडल्यावर उलटी, गुंगी, डोकेदुखी किंवा हातापायाला मुंग्या जाणवल्या, तर घोड्याची काळजी दुसऱ्याला करू द्या आणि आधी दवाखाना गाठा. पाठीचं किंवा मानेचं जुनं दुखणं असेल, तर बसण्याआधीच डॉक्टरांना विचारा. २०२१ च्या त्या अर्जाचा धडा तोच होता.

एका घोड्यावर किती वजन?

सर्वसाधारण नियम असा, की स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवं. ३५० किलोच्या घोड्यासाठी ७० किलो, तेही खोगिरासह. म्हणजे रीलसाठी दोन मित्र एकाच घोड्यावर बसले, तर पाठ घोड्याची जाते. तीन-चार वर्षांच्या आतल्या घोड्यावर बसूच नये. बाहेरून तो पूर्ण वाढलेला दिसतो, पण पाठीच्या मणक्यांची हाडं पक्की व्हायला पाच-सहा वर्षं लागतात.

कायदा काय म्हणतो?

बाजारात आजही आतून टोकदार काटे असलेले लगाम विकायला दिसतात. घोडा पटकन थांबतो, मान ताठ ठेवून नाचतो, म्हणून ते वापरले जातात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अंतर्गत १९६५ मध्ये केलेल्या नियमांनुसार काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला मनाई आहे. जखमी, लंगड्या किंवा आजारी घोड्याला कामाला लावणं हाही या कायद्याखाली गुन्हा आहे.

वरातीत घोडा नेत असाल, तर डीजेच्या स्पीकरपासून आणि फटाक्यांपासून त्याला लांब ठेवा. घोडा मोठ्या आवाजाने बिथरतो. गर्दीत बिथरलेला घोडा नवरदेवालाच नाही, तर समोर नाचणाऱ्या लहान मुलांनाही धोक्यात आणतो.

मदत आणि शिक्षण कुठे?

आजारपणात पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. लातूर जिल्ह्यात उदगीरला आणि शेजारी परभणीला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घोडा आणण्याआधीच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टर घोड्यांवर उपचार करतात का, हे विचारून घ्या. एनसीसीत रिमाउंट अँड व्हेटर्नरी स्क्वॉड्रन हा घोडेस्वारीचा विभाग आहे. तो सगळीकडे नसतो, तुमच्या महाविद्यालयात चौकशी करा.

हा खेळ म्हणूनही पुढे नेता येतो. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतीय ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी मिळालेलं हे सुवर्ण होतं. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. ड्रेसाज म्हणजे घोडा आणि स्वार यांच्यातला ताळमेळ दाखवणारा प्रकार. घोड्याला मारून-ओरडून तो जमत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

• आधी शिका, मग घोडा घ्या. महिनाभर एखाद्या पागेत लीद उचलणं, खरारा, वैरण-पाणी करून पाहा.
• वैरण थोडी थोडी, पाणी भरपूर, पशुखाद्य आणि बुरशी लागलेला कडबा बंद.
• दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, वेळेवर लसी, नव्या घोड्याची ग्लँडर्स चाचणी.
• पोटशूळाची शंका आली, तर सकाळची वाट पाहू नका.
• हेल्मेट आणि टाचेचे बूट घातल्याशिवाय रिकिबीत पाय नाही.

माळेगावच्या बाजारात घोडा पसंत करायला अर्धा दिवस लागतो. नीट सांभाळला, तर तो पंचवीस वर्षंही जगतो. आज विशीत असलेल्या तरुणाने घेतलेला घोडा त्याच्या चाळिशीपर्यंत दारात उभा असू शकतो. शिकणं राहून गेलं आणि घोडा आधी आला, तर ते वरातीमागून घोडं ठरेल. या वर्षी यात्रेला जाल, तेव्हा पैसे मोजण्याआधी घोड्याचे खूर उचलून पाहा.